झाकण उघडायचं नाही

अंजनाबाईने भरताचा घास बोटांनी उचलला, नाकाजवळ नेला आणि तसाच परत ताटलीत ठेवून दिला.

धुरपदाबाई समोर उकिडवी बसली होती. इतका वेळ तिची नजर शेजारणीच्या जबड्यावर खिळली होती. जबडा हललाच नाही, तेव्हा तिने नवऱ्याकडे पाहिलं. निंबा नळापाशी उभा राहून केव्हाचेच स्वच्छ झालेले हात धूत होता.

"काय व बाई, मीठ कमी पडनं का?"

"मीठ कसं कळन? तोंडात तं गेलं पाह्यजे," अंजनाबाई म्हणाली. "वास घेऊन पाह्य. याले वांग्याचा नाही, मिलचा वास येते."

वास घ्यायला चातुर्मासाची आडकाठी नव्हती. धुरपदाबाईने ताटली नाकाशी नेली आणि तिला पटलं. बमरोलीच्या रंगाच्या मिलमध्ये निंबाची उभी हयात गेली होती. त्याचे सदरे दोन पाण्यांनी धुतले तरी जो आंबूस, उग्र दर्प मागे राहायचा, तोच या भरताला येत होता. वांगी भाजायच्या भट्टीसाठी निंबाने मिलच्या भंगारातून लोखंडी पिंप आणलं होतं. राखेने घासलं, लिंबाने घासलं, आत जाळ करून सगळं विष जळालं, 'बठ्ठं इख जळी गयं', अशी ग्वाहीही दिली. जाळ हिरवा निघाला तेव्हाच धुरपदाबाईच्या मनात पाल चुकचुकली होती. पण जन्मभर रंगात हात बुडवलेल्या माणसाला हिरव्या जाळाचं नवल ते काय वाटणार!

"गायलेबी दिऊ नका," एवढंच ती म्हणाली. निंबाने मुकाट्याने खड्डा करून भरीत पुरलं, आणि पिंप भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवताना 'खावाना कामले वापरू नको भाऊ' असं बजावून सांगितलं.

खरं म्हणजे चव धुरपदाबाईनेच घ्यायची. सुरतेतल्या नवागामच्या त्या गल्लीत भरताचा शेवटचा शब्द तिचा. पण आषाढी एकादशीला तिच्या घरातून वांगं जे बाहेर पडतं, ते चंपाषष्ठीलाच परत उंबरा ओलांडतं. देवाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवल्याशिवाय तोंडात घालायचं नाही, हे सासूने सांगितलेलं, सासूला तिच्या सासूने. आणि भट्टी तर चंपाषष्ठीच्या आधीच पारखून ठेवायला हवी होती. वांगी भाजता येत होती, हुंगता येत होती. चाखता तेवढी येत नव्हती. गल्लीतल्या सगळ्याच खान्देशी बायांची हीच गत. तेव्हा जीभ उसनी घ्यायचं ठरलं, आणि ती भिंतीपलीकडच्या अंजनाबाईची.

अंजनाबाई मलकापूरकडची. नवरा बाजीराव रेल्वेत नोकरीला लागून उधन्याला आला, तेव्हापासून दोन्ही घरांची मागची भिंत एक. तिच्या घरी बुद्धवंदना आणि हिच्या घरी हरिपाठ अशा दोन्हींनी त्या भिंतीचे दोन्ही कान भरलेले. 'आमचा वर्षावास असते, त्यात ग्रंथ वाचतात,' ती हसून म्हणायची. 'वांग्यानं कोनाचं काय केलं आम्हाले ठाऊक नाही.'

आता ही भट्टीची उठाठेव कशासाठी, ते सांगायला हवं.

गल्लीच्या विठ्ठलमंदिरात दरवर्षी सप्ताह बसतो. त्याची समाप्ती चंपाषष्ठीला, सकाळी काल्याचं कीर्तन आणि मग पंगत. वरण-बट्टी आचारी करतात, भरीत धुरपदाबाईचं. लग्न होऊन सुरतेला आली त्याच्या दुसऱ्याच वर्षी सासूने तिला मंदिरामागे पत्र्याच्या आडोशाला नेऊन बसवलं, ती तिथेच राहिली. गावाकडून येणारी मोठाली हिरवी वांगी, गावाकडच्याच तूरकाठ्यांचा जाळ, आणि एकेक वांगं हाताने फिरवत राहायचं. नजर हटली की एक बाजू कोळसा, दुसरी कच्ची.

पत्र्याच्या या बाजूला वांगी आणि त्या बाजूला कीर्तन. धुरपदाबाईला कीर्तनाचं वेड माहेरापासूनचं. मजुरीवर घरी आणलेल्या साड्यांचे सुटे धागे कापताना तिच्या मोबाइलवर कीर्तन चालू असायचं. कुठल्या बुवांची चाल कुठे वळते हे सून गायत्रीला पाठ झालं होतं, ते सासूच्या कात्रीवरून. समेवर कात्री थांबायची. पण आपल्या मंडळाचं काल्याचं कीर्तन तिने कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. बुवा वर्षानुवर्षं तेच. त्यांचा खाकरा तिला ओळखू येई, आवाज कुठल्या कडव्याला चिरकणार हे आधी कळे. चेहरा मात्र माहीत नाही. कीर्तन आटोपून बुवा दुसऱ्या गावच्या काल्याला निघून जात, तेव्हा ही वांग्यांची सालं काढत बसलेली असे.

त्यात एक कोडं होतं. कीर्तनात एका जागी बुवा बोलायचे थांबत. टाळ थांबत, पखवाज थांबे. आणि त्या शांततेत अख्खा मंडप खो-खो हसत सुटे. दरवर्षी, त्याच जागी. पत्र्यामागे धुरपदाबाई हातातलं वांगं तसंच धरून कान टवकारी. काय झालं, असं तिने निंबाला विचारलं, गायत्रीला विचारलं, पंगतीतल्या बायांना विचारलं. सगळे आठवून पुन्हा हसत आणि म्हणत, ते सांगून समजायचं नाही, तिथं पाहायलाच पाहिजे.

यंदा दिवाळीआधी तिचा खोकला छातीत उतरला. डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि धुराजवळ बसायचं नाही, असं निक्षून सांगितलं. मंडळाचा श्रीरंग लगेच घरी आला. माणूस भला, धुरपदाबाईला काकू म्हणणारा. आचारी गॅसवर वांगी भाजून देईल, काकूंनी आता समोर बसून कीर्तन ऐकावं, असं त्याने फार मायेने सांगितलं. ज्या गोष्टीसाठी इतकी वर्षं जीव तळमळला ती कुणी पदरात घालावी आणि तिच्याबरोबर घरातलं भांडं उचलून न्यावं, तसं धुरपदाबाईला झालं. गॅसवरचं वांगं म्हणजे भाजी. त्याला धूर लागत नाही. देवाच्या नैवेद्याला भाजी ठेवायची?

"मी धूर खावाव नही, पण वांगानी खावाले पाहिजे," ती निंबाला म्हणाली. "असं काही शे का?"

मुलगा चेतन रिंग रोडवरच्या कापड मार्केटात कामाला. त्याने रात्रीच्या जेवणाआधी मोबाइल पुढे धरला. परदेशात लोक मागच्या अंगणात अशी पेटी ठेवतात म्हणे, मांस दिवस-दिवस धुरावर शिजत ठेवतात आणि कुणी ढुंकून पाहत नाही. काळी चकचकीत पेटी, दारावर घड्याळासारखा काटा.

"मम्मी, आ जो. एकदम ऑटोमॅटिक छे. लाकडाच्या गोळ्या टाकायच्या, बटन दाबायचं, बस."

किंमत चेतनच्या दोन पगारांएवढी होती. शिवाय त्या गोळ्या मिळायच्या त्याच कंपनीकडे. धुरपदाबाईला काटा आवडला, पण मांस शिजवण्याच्या पेटीचं चित्र देवाच्या वांग्यांना दाखवू नको, म्हणाली. मग विजेवरची एक लहान भट्टी चौकबाजारात पाहिली. तिच्यात चार वांगी मावली असती, आणि धूर नाहीच. गायत्रीने माहिती काढली की वलसाडकडे मडकं उलटं पुरून भोवती जाळ करतात, आत कंदमुळं आपोआप शिजतात. ते स्वस्त होतं आणि धुरपदाबाईला पसंतही पडलं. पण पंगतीला पुरतील इतकी मडकी पुरायची तर मंदिरामागची सगळी फरशी उखडावी लागली असती. म्हणून निंबाने मिलचं पिंप आणलं, आणि त्याचं काय झालं ते वर आलंच.

शेवटी धुरपदाबाईच्या बहिणीचा मुलगा भगवान कामाला आला. इच्छापोरला तो वेल्डिंगचं काम करतो. फरसाणवाल्याकडून त्याने खाद्यतेलाचं पिंप मिळवलं, रंग पूर्ण खरवडला, आत एकावर एक जाळ्या बसवल्या, बुडाशी सरकतं दार, वर घट्ट झाकण आणि धुराला मनगटाएवढं नळकांडं. झाकणावर काटा नव्हता. तिथे त्याने मोराची आकृती कापून लावली होती.

"मावशी, हवा कमी तर आग कमी," भगवान म्हणाला. "दार बोटभर उघडं ठेव आणि विसरी जाय. फक्त झाकण उघडानं नही."

कोळशाची युक्ती निंबाची. सगळे कोळसे एकदम पेटवायचे नाहीत. बुडाशी मच्छर अगरबत्तीसारखं वेटोळं रचायचं आणि एक टोक पेटवायचं. विस्तव स्वतःच पुढे सरकत जातो. मध्ये मध्ये तूरकाठ्यांचे तुकडे खोचले की धूरही आपसूक. हिरव्या जाळाची लाज या वेटोळ्याने धुऊन निघाली, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

पहिलं भरीत अंजनाबाईने तोंडात घातलं. चघळलं. गिळलं. धुरपदाबाई श्वास धरून.

"एका बाजूनं जळलं, दुसरीकून कच्चं. तुया गॅसवाला आचारी बरा."

दुसऱ्या खेपेलाही तेच. भगवानला फोन गेला. जाळ्या खालीवर करून पाहिल्या, वेटोळं लहान-मोठं करून पाहिलं. तिसऱ्या खेपेला अंजनाबाई भिंतीपलीकडून स्टूल घेऊन आली आणि भरीत होण्याच्या आधीपासूनच येऊन बसली. तिने पिंपाकडे पाहिलंच नाही. ती धुरपदाबाईकडे पाहत राहिली.

धुरपदाबाई पदर नाकाला लावून साड्यांचे धागे कापत होती. थोडा वेळ गेला की उठायची, फडक्याने झाकण उचलायची, आत हात घालून वांगी फिरवायची, खोकायची, परत येऊन बसायची. झाकण उघडलं की हवा आत, कोळसे भडकून लाल, वरच्या वांग्यांना चटका. झाकण लावलं की पुन्हा सगळं थंड. ती उठतेय याची तिला शुद्धही नव्हती. आयुष्यभराची सवय हाताला. हात आपलं काम करून येत होता.

पुढच्या वेळी ती उठली तेव्हा अंजनाबाईने तिचं मनगट धरलं.

"बस खाली. पिंपात दोष नाही. तुयाच्यानं सोडवत नाही."

"एकच बाजू..."

"त्याचं त्याले पाहू दे. दोन पोरं वाढवली, त्याह्यले अशी उघडून-उघडून पाह्यत होती काय?"

"पाह्यत व्हती," धुरपदाबाई म्हणाली, आणि दोघीही हसल्या. पण मनगट अंजनाबाईने सोडलं नाही. दुपारभर तिने ते मांडीवर धरून ठेवलं. बाजीराव गेले त्या वेळच्या गोष्टी निघाल्या, गायत्रीला दिवस गेलेत की नाही याच्या निघाल्या, अंजनाबाईची नात चैताली नर्सिंगला लागली त्याच्या निघाल्या. धुरपदाबाईचा हात दोनदा उचलला गेला आणि दोनदा दाबला गेला. तिसऱ्यांदा तो आपणहून स्वस्थ बसला.

नळकांड्यातून निघणारी रेघ पांढरट होती ती निळसर होत होत विरली, तेव्हा झाकण निघालं. वांगी सगळीकडून एकसारखी सुरकुतून मऊ पडली होती, देठ सुटून आले होते. धुरपदाबाईने लाकडी बडगीत ती ठेचली, मिरची-लसणाची फोडणी, कांद्याची पात, शेंगदाणे. घरात लसूणही वर्ज्य, म्हणून फोडणी अंजनाबाईच्या चुलीवर दिली. मग ताटली पुढे केली.

अंजनाबाईने घास घेतला. डोळे मिटले. आणखी एक घेतला. मग ताटली संपवून पदराने हात पुसला.

"सांग ना व माय," धुरपदाबाई म्हणाली.

"काय सांगू? तुले खाता येत नाही म्हून मले वाईट वाटून राह्यलं."

त्या एका वाक्यावर भगवंताची मूठभर कृपा उतरल्यासारखं धुरपदाबाईला वाटलं. छातीवरचा दगड उतरला. आचाऱ्याला गॅसची शेगडी एक कमी आणायला सांगा, असा निरोप तिने श्रीरंगकडे धाडला.

चंपाषष्ठीच्या सकाळी थंडी होती. मंदिरामागे पिंप मांडलं, वेटोळं रचलं, वांग्यांना टोचे मारून तेलाचा हात फिरवला आणि जाळ्या भरल्या. निंबाने टोक पेटवलं, दार बोटभर ठेवलं. अंजनाबाई म्हणाली होती, मी बसते तिथं, तू जा बिनघोर. धुरपदाबाईने ऐकलं नाही. मी मोकळी व्हायची आणि तुला बांधून ठेवायचं, मग एवढा खटाटोप कशाला केला, असं तिने विचारलं होतं. पिंपाजवळ कुणीच बसायचं नाही, तरच ते पिंप.

तिचा नेहमीचा पाट, एका कडेने करपलेला, पत्र्याला टेकून उभा होता. त्याला हात जोडावेत असं तिला उगाच वाटलं. तिने पदर सावरला, आणि वळसा घालून मंडपात आली.

बायकांमध्ये तिला पुढे जागा मिळाली. श्रीरंगची बायको नूतन बुक्क्याची वाटी घेऊन फिरत होती. ती पुढे आली आणि धुरपदाबाई क्षणभर गोंधळली, कपाळ पुढे करायचं तेही तिला सुचेना. इतक्या वर्षांत ती वाटी पत्र्यापलीकडे कधी आलीच नव्हती. नूतनने तिची हनुवटी धरून बोट टेकवलं.

बुवा उभे राहिले. धुरपदाबाईच्या मनात उंचापुरा, भरदार माणूस होता. हे तर ठेंगणे, वाळकुडे, डोळ्यावर जाड भिंगं. तेच खाकरले. खाकऱ्याने ओळख पटली आणि तिचा जीव भांड्यात पडला. टाळ वाजू लागले. पत्र्यामागे तो नाद कानात यायचा. इथे तो जमिनीतून मांड्यांत, मांड्यांतून छातीत चढत होता. निरूपणाची एकेक पायरी तिला माहीत होती, पण बुवा बोलताना समोरच्या एखाद्या म्हातारीकडे असं पाहतात, एखाद्या टाळकऱ्याचा ताल चुकला की रागावण्याऐवजी त्याच्याकडे सरकून त्याच्याबरोबर दोन पावलं नाचतात, हे आवाजातून कुठे कळणार होतं? देव कानाने भेटतो म्हणतात, खरं आहे. पण त्याला डोळ्यांचं वावडं आहे असंही नाही.

अर्ध्यावर तिला वास आला. कसला, ते तिला कळलं नाही. करपल्याचा? की नुसता तूरकाठ्यांचा? तिच्या मनासमोर एका बाजूने काळी पडलेली वांगी उभी राहिली, पंगतीत उष्टी टाकलेली भरताची मूद, श्रीरंगचं काही न बोलणं. कीर्तन चालू होतं, पण तिला ऐकू येईना. तिचे गुडघे उचलले गेले. बायकांनी वाट द्यायला पाय आखडले.

पुरुषांच्या बाजूने निंबा तिच्याकडेच पाहत होता. त्याने फक्त तळवा खाली दाबला, झाकण दाबावं तसा.

धुरपदाबाईने मंडपाच्या कडेवरून पत्र्याकडे पाहिलं. पत्र्याच्या वर धुराची रेघ दिसत होती. बारीक, निळसर, सरळ. मनगटावर अंजनाबाईचा हात असल्यासारखं तिला वाटलं. ती खाली बसली.

आणि बुवा बोलायचे थांबले. टाळ थांबले, पखवाज थांबला.

बुवांनी उपरण्याचा बोळा केला, तो लोण्याचा गोळा. दोन्ही हात पाठीमागे लपवले. समोर यशोदा उभी. ती डावीकडून पाहायला गेली की बाळ तोंड तिच्याकडेच ठेवून डावीकडे वळतो. उजवीकडून गेली की उजवीकडे. मान वाकडी, डोळे निष्पाप, पाठ काही दाखवत नाही. ते सत्तरीचे वाळकुडे बुवा वळता वळता गोल फिरले, आणि शेवटी पाठ नेमकी सगळ्या मंडपाकडे झाली. लोणी सगळ्या जगाला दिसतंय, एका आईला सोडून.

मंडप हसत सुटला. धुरपदाबाई नुसती पाहत राहिली. एवढंच होतं. एवढ्यासाठी ती किती वर्षं वांगं हातात धरून थांबली होती. मग लोकांचं हसू ओसरलं, बुवांनी पुढचं चरण उचललं, आणि तेव्हा कुठे तिला हसू फुटलं. एकटीला, मोठ्याने, आवरेना असं. पुढच्या बाया वळून पाहू लागल्या. बुवांनीही भिंगांतून तिच्याकडे पाहिलं, आणि मान तुकवून गाणं पुढे नेलं. खोकला मात्र एकदाही आला नाही.

काला वाटून झाल्यावर तिने झाकण उघडलं. वांगी व्हायला हवी होती तशीच झाली होती.

नैवेद्य दाखवून झाला, पंगती उठल्या, श्रीरंगने भरताची परात रिकामी झालेली उचलून दाखवली. आचाऱ्यानेही पिंपाभोवती एक फेरी मारली आणि हे कुठून घेतलं म्हणून विचारलं. निंबाने त्याला वेटोळ्याची सगळी हकिकत सांगितली, हिरवा जाळ तेवढा वगळून. धुरपदाबाईने पहिला घास तोंडात घातला तेव्हा ऊन कलायला आलं होतं. अंजनाबाईची जीभ खोटी नव्हती.

मग दरवर्षीप्रमाणे ती रोडगा आणि भरीत झाकून शेजारी निघाली. दरवर्षी ती अशी यायची तेव्हा डोळे लाल, आवाज बसलेला, तोंडावर काजळीचे ओघळ. अंजनाबाई ताट घेण्याआधी पदराचं टोक पाण्यात बुडवून तिचं कपाळ पुसायची आणि मग तिला आत घ्यायची.

आजही अंजनाबाई दारात आली. माठाजवळ जाऊन तिने पदराचं टोक ओलं केलं, आणि काही विचारायच्या आतच, सवयीने, धुरपदाबाईची हनुवटी धरली.

ओला पदर कपाळापर्यंत आला आणि थांबला.

काळं होतं, पण एकच बोट होतं. भुवयांच्या मधोमध, गोल, सुवासाचं. बाकी कपाळ कोरडं, स्वच्छ.

अंजनाबाईने पदर खाली घेतला, पिळून खांद्यावर टाकला. मग दोन्ही हात पुढे करून ताट घेतलं.